भिंतीवरचे सूर्यघड्याळ: मध्यान्हाची रेषा कशी वाचावी

केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजच्या जुन्या चौकात भिंतीवर रंगवलेले एक देखणे सूर्यघड्याळ आहे. आज दिसते ते १७३३ सालचे आहे. त्याआधी तिथे १६४२ सालचे एक होते. जुलैच्या अखेरीस मनगटावरच्या घड्याळात दुपारचे बारा वाजले असताना तिकडे पाहिले, तर सावली अकराच्या रेषेलाही पोचलेली नसते. सूर्यघड्याळात तेव्हा १० वाजून ५४ मिनिटे झालेली असतात. बहुतेक पाहुणे ते बिघडले आहे असे समजून पुढे जातात. त्यात बिघाड काहीच नसतो. सूर्यघड्याळ त्या जागेचा खरा मध्यान्ह दाखवते आणि मनगटावरचे घड्याळ कायद्याने ठरवलेली वेळ दाखवते. या दोन वेळांत वर्षभर बदलणारे अंतर असते. (हे सूर्यघड्याळ न्यूटनने केल्याची दंतकथाही तिथे ऐकू येते. न्यूटन त्याच शहरातल्या ट्रिनिटी कॉलेजचा होता, क्वीन्सचा नव्हे.)

युरोपात चर्च, नगरभवने आणि जुनी घरे यांच्या भिंतींवर अशी सूर्यघड्याळे जागोजागी आढळतात. ती पाहताना नेमके काय पाहायचे आणि वाचलेली वेळ आपल्या घड्याळाशी कशी जुळवायची, ते पुढे क्रमाने दिले आहे.

आधी उभी रेषा शोधा

सूर्य रोज एकदा आकाशातले उत्तर-दक्षिण वर्तुळ, म्हणजे याम्योत्तर वृत्त, ओलांडतो. तो क्षण त्या जागेचा मध्यान्ह. हे वर्तुळ डोक्यावरच्या खस्वस्तिकातून जाते. म्हणजे त्याचे प्रतल ओळंब्यात उभे असते. उभ्या भिंतीला ते जिथे छेदते तिथे उभीच रेषा मिळते. म्हणून भिंत नेमकी दक्षिणेकडे असो वा थोडी पूर्वेला किंवा पश्चिमेला वळलेली असो, काटा पृथ्वीच्या अक्षाला समांतर असेल तर बाराची रेषा उभीच येते. बाकीच्या तासांच्या रेषा भिंतीच्या दिशेप्रमाणे आणि गावाच्या अक्षांशाप्रमाणे तिरक्या होतात. ही एक रेषा मात्र हलत नाही. त्यामुळे कोणत्याही अनोळखी सूर्यघड्याळासमोर उभे राहिलात, तर सुरुवात इथूनच करा.

- उत्तर गोलार्धात दक्षिण भिंतीवरचे आकडे उलटे फिरतात. सकाळचे तास डावीकडे, बारा खाली मधोमध आणि दुपारचे तास उजवीकडे असतात. सूर्य पूर्वेला असताना सावली पश्चिमेला पडते, एवढेच त्यामागचे कारण.
- आकडे डाव्या-उजव्या बाजूंना सारखे मांडलेले असतील, तर भिंत जवळजवळ नेमकी दक्षिणेला आहे. एका बाजूला दाटी आणि दुसऱ्या बाजूला मोकळीक दिसली, तर भिंत वळलेली आहे.
- बाराची रेषा स्पष्ट तिरकी असेल, तर ते सूर्यघड्याळ बहुधा अलीकडचे आहे आणि त्यात प्रमाणवेळेची दुरुस्ती आधीच बसवलेली आहे. रेल्वेच्या आधी अशी दुरुस्ती करायचे कोणाला कारणच नव्हते.
- पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीवर मध्यान्हाची रेषा शोधू नका. भिंत नेमकी पूर्वाभिमुख असेल, तर बारा वाजत आले की ऊन भिंतीला घासून निघून जाते आणि सावली अनंतापर्यंत लांबते. तिथले तास अकराच्या आसपास संपतात.

रेषा उभी आहे की नाही हे फोटोवरून ठरवू नका, कारण खालून वर रोखलेला कॅमेरा सगळ्याच रेषा तिरक्या करतो. गवंड्याचा ओळंबा, किंवा दोऱ्याला बांधलेली किल्ली, डोळ्यासमोर धरली की झाले.

काटा कसला आहे ते पाहा

भिंतीतून निघणाऱ्या सळईला जुना शब्द शंकू. ती दोन प्रकारची असते आणि वाचण्याची रीत तिच्यावर ठरते.

पहिल्या प्रकारात सळई तिरकी, पृथ्वीच्या अक्षाला समांतर असते. नेमक्या दक्षिण भिंतीशी तिचा कोन नव्वदातून अक्षांश वजा केला की मिळतो; केंब्रिजला तो ३८ अंशांच्या आसपास येतो. इथे सळईची अख्खी सावली तासाच्या रेषेवर बसते, म्हणून सावलीचा कुठलाही भाग वाचला तरी चालतो.

दुसऱ्या प्रकारात सळई भिंतीला काटकोनात ठोकलेली असते. इथे फक्त सावलीचे टोक वाचायचे. भिंत वळलेली असेल तर मध्यान्हाला हे टोक उभ्या रेषेवरच सरकते, पण ती रेषा सळईच्या मुळाखाली नसते, बाजूला सरकलेली असते. ही बाब लक्षात न आल्यामुळे अनेक जण चुकीच्या रेषेला बारा समजतात.

काही सळयांवर एक गोळी किंवा भोक असलेली चकती असते. क्वीन्सच्या सूर्यघड्याळावर अशी गोळी आहे. तिची सावली तारीखही सांगते. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, म्हणून मध्यान्हाला गोळीची सावली भिंतीवर वरच्या भागात राहते. उन्हाळ्यात ती खूप खाली उतरते. विषुवदिनी ती दिवसभर एका सरळ रेषेवरून चालते, आणि इतर दिवशी वक्र रेषांवरून. आडव्या जाणाऱ्या या वक्र रेषांना तासांच्या रेषा समजू नका.

आकडे कोणत्या तासांचे आहेत

भिंतीवर बाराचा आकडाच सापडत नाही, अशी तक्रार इटलीत फिरणाऱ्यांची नेहमीची. तिथे अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दिवस सूर्यास्ताला संपायचा आणि तास सूर्यास्तापासून एक ते चोवीस मोजले जायचे. अशा सूर्यघड्याळावर मध्यान्हाचा आकडा ऋतूप्रमाणे बदलतो. उत्तर इटलीच्या अक्षांशावर विषुवदिनी मध्यान्ह अठराव्या तासाला येतो, जूनमध्ये सोळानंतर थोड्याच वेळात आणि डिसेंबरमध्ये साडेएकोणीसच्या पुढे. म्हणून बनवणारे तिथे एक स्वतंत्र उभी रेषा आखत आणि तासांच्या रेषा तिला तिरप्या छेदून जात. ही पद्धत गैरसोयीची वाटते, पण चोवीसातून आताचा तास वजा केला की अंधार पडायला किती वेळ उरला ते कळते. शेतात राबणाऱ्याला दुसरे काय हवे?

सूर्योदयापासून तास मोजणारी सूर्यघड्याळेही आहेत. घटिका-पळांत वेळ मोजणाऱ्या आपल्या पंचांगाची रीत तीच. फरक एवढाच की आपण अहोरात्राच्या साठ घटिका करतो आणि ते चोवीस तास.

इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या दक्षिण भिंतींवर दगडात नुसत्या कोरलेल्या चाकासारख्या रेषा दिसतात, मधोमध सळईचे भोक. या रेषा तासांच्या नाहीत. दिवसाचे सारखे भाग दाखवून प्रार्थनेची वेळ सांगायला त्या कोरल्या होत्या. यॉर्कशरमधल्या कर्कडेल येथील सूर्यघड्याळ अकराव्या शतकाच्या मध्याचे आहे आणि त्यावर दिवसाचे आठच भाग आहेत. अशा ठिकाणी मिनिटांचा हिशेब करत बसू नका. मधली उभी रेषा म्हणजे दुपार, एवढे वाचले तरी पुरे.

भिंतीवरचे बारा आणि मनगटावरचे किती

हिशेब तीन पायऱ्यांचा आहे. तो एकदा हाताने केला की पुन्हा विसरत नाही.

१. रेखांशाचा फरक. ज्या रेखावृत्तावरून त्या देशाची प्रमाणवेळ ठरते, त्यापासून गाव किती अंश दूर आहे ते काढा आणि दर अंशाला ४ मिनिटे धरा. गाव पश्चिमेला असेल तर मिनिटे मिळवा, पूर्वेला असेल तर वजा करा.

२. तारखेचा फरक. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, म्हणून एका मध्यान्हापासून दुसऱ्यापर्यंतचा काळ नेमका चोवीस तास नसतो. थोडा थोडा फरक साचत जातो. त्याला कालसमीकरण म्हणतात. प्रमाण रेखावृत्तावरच्या गावात सूर्यघड्याळात बारा वाजतात तेव्हा साध्या घड्याळात पुढील वेळ असते:

- ११ फेब्रुवारीच्या सुमारास १२ वाजून १४ मिनिटे
- १४ मेच्या सुमारास ११ वाजून ५६ मिनिटे
- २६ जुलैच्या सुमारास १२ वाजून साडेसहा मिनिटे
- ३ नोव्हेंबरच्या सुमारास ११ वाजून साडेत्रेचाळीस मिनिटे
- १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरच्या आसपास जवळजवळ नेमके बारा

३. उन्हाळी वेळ. युरोपातल्या बहुतेक देशांत उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे असतात. तेव्हा आणखी एक तास मिळवा. चूक होते ती बहुतेक वेळा इथेच.

पॅरिसचे उदाहरण घ्या. शहर २.३ अंश पूर्व रेखांशावर आहे, पण फ्रान्सचे घड्याळ १५ अंशांच्या रेखावृत्तावर चालते. त्यामुळे रेखांशाचाच फरक ५० मिनिटांहून अधिक आहे. २६ जुलैला पॅरिसच्या भिंतीवर बारा वाजतात तेव्हा मनगटावर १ वाजून ५७ मिनिटे झालेली असतात. केंब्रिज शून्य रेखावृत्ताला जवळजवळ लागूनच आहे, म्हणून तिथे त्याच दिवशी १ वाजून ६ मिनिटे, आणि ३ नोव्हेंबरला, उन्हाळी वेळ संपलेली असल्याने, ११ वाजून ४३ मिनिटे.

मुंबईसाठी रेखांशाचा फरक साडेअडतीस मिनिटांचा आहे, पुणे आणि पणजीसाठी पस्तीसच्या आतबाहेर, नागपूरसाठी साडेतेरा. म्हणून मुंबईत फेब्रुवारीच्या मध्याला खरा मध्यान्ह १२ वाजून ५३ मिनिटांनी होतो आणि नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून २२ मिनिटांनी. रामनवमीला काही देवळांत पाळणा बारा चाळीसला हलतो तो याच हिशेबाने. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई आपली ३९ मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत धरून होती. तो सगळा हट्ट या पहिल्या पायरीच्या आकड्याचा होता. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या जुन्या बाजारभवनावरच्या घड्याळाला आजही दोन मिनिटकाटे आहेत, एक लंडनच्या वेळेचा आणि दुसरा दहा मिनिटे मागचा, ब्रिस्टलचा.

हिशेब नको असेल तर पंचांगाचा सोपा उपाय आहे. त्या गावाच्या त्या दिवसाच्या सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा घ्या आणि नेमका मध्य काढा. तोच मध्यान्ह, मिनिटभराच्या फरकाने. रेखांश, तारीख आणि उन्हाळी वेळ हे तिन्ही फरक त्यात आपोआप येतात. मात्र वेळा त्याच गावाच्या हव्यात. मुंबईच्या पंचांगातल्या वेळा नागपूरला लावल्या, तर पंचवीस मिनिटांची चूक होईल.

इंग्रजी आठच्या आकड्यासारखी रेषा दिसली तर

काही भिंतींवर बाराच्या उभ्या रेषेभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी एक लांबट वळणदार रेषा गुंडाळलेली असते. ही नक्षी नाही. कालसमीकरणच तिथे भिंतीवर आखलेले आहे. प्रकाशाचा ठिपका किंवा गोळीची सावली सरळ रेषेवर आली की खरा मध्यान्ह, आणि आठच्या वळणावर आली की त्या गावाच्या मध्यम वेळेचे, म्हणजे सारख्या चालीने चालणाऱ्या घड्याळाच्या वेळेचे, बारा. दक्षिण भिंतीवर फेब्रुवारीची बाजू सरळ रेषेच्या डावीकडे असते आणि नोव्हेंबरची उजवीकडे. आठची कोणती बाजू घ्यायची हे तारखेवरून ठरवा. बाजू चुकली तर दुरुस्ती उलटी लागते आणि चूक दुप्पट होते.

ही युक्ती १७३० च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रांझाँ द फूशी याने रूढ केली असे मानतात. तिची गरज वाढली ती यांत्रिक घड्याळे सुधारल्यावर. जिनिव्हाने १७८० मध्ये, लंडनने १७९२ मध्ये, बर्लिनने १८१० मध्ये आणि पॅरिसने १८१६ मध्ये शहराची घड्याळे मध्यम वेळेवर नेली. त्याआधी घड्याळजीला सूर्याप्रमाणे काटे सतत मागेपुढे करावे लागत. इटलीत बेर्गामोला जुन्या नगरभवनाच्या कमानीखाली १७९८ सालची अशी रेषा आहे. ती भिंतीवर नसून फरशीवर आहे, पण वाचण्याची रीत तीच. एक सूचना: हा आठ त्या गावाची मध्यम वेळ देतो, देशाची प्रमाणवेळ नव्हे. रेखांशाची आणि उन्हाळी वेळेची पायरी उरतेच.

किती अचूकतेची अपेक्षा धरावी

सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून प्रत्येक सावलीला धूसर काठ असतो. गोळी भिंतीपासून मीटरभर दूर असेल, तर हा काठ साधारण नऊ मिलिमीटर रुंद होतो. तबकडीला रेषा ओलांडायला दोनेक मिनिटे लागतात. धूसर पट्ट्याचा मध्य घेतल्यास चांगल्या सूर्यघड्याळावर मिनिटभरापर्यंत वाचता येते. त्याहून अधिक मागू नका.

याहून सूक्ष्म वाचन हवे होते म्हणून खगोलज्ञ चर्चच्या आत गेले. छतातल्या भोकातून आलेला ठिपका फरशीवरच्या रेषेवर पाडायचा, ही रीत. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोवेल्लाच्या मात्र बाहेरच्या, दर्शनी भिंतीवर एग्नात्सिओ दांतीने १५७२ मध्ये संगमरवरी पादयंत्र, म्हणजे पाव वर्तुळाचे मापनयंत्र, बसवले. ते आजही तिथे आहे. बोलोन्याच्या सान पेत्रोनिओत कासिनीने १६५५ मध्ये आखलेली रेषा ६६ मीटरहून लांब आहे आणि तिचे भोक २७ मीटर उंचीवर. पॅरिसच्या सँ सुल्पीसमध्ये १७४३ सालची रेषा फरशीवरून जाऊन एका उंच दगडी स्तंभावर चढते. एका गाजलेल्या कादंबरीमुळे ती पॅरिसचे रेखावृत्त आहे असा समज पसरला आहे. ती तशी नाही. हे ठिपके पाहायचे असतील तर मध्यान्हाच्या दहा मिनिटे आधी पोचा. ठिपका डोळ्यांदेखत सरकतो आणि उशीर झाल्यास दुसऱ्या दिवशीच यावे लागते, तेही ऊन असेल तर.

भारतात दक्षिण भिंतीची अडचण

युरोपातल्या सूर्यघड्याळाची हुबेहूब प्रत पुण्या-मुंबईत दक्षिण भिंतीवर लावायचा विचार असेल, तर थांबा. इथे काट्याचा भिंतीशी कोन ७१ अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. शिवाय मुंबईत साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हाचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. या काळाच्या दोन टोकांचे शून्य सावलीचे दोन दिवस ओळखीचे आहेत. या दोन दिवसांमधल्या काळात दुपारी दक्षिण भिंतीवर ऊनच पडत नाही. त्यातला बराच भाग पावसाचा असतो हे खरे, पण मेचे शेवटचे पंधरा दिवस हातचे जातात. आपल्या अक्षांशावर जमिनीवरचे आडवे सूर्यघड्याळ अधिक उपयोगी.

सवाई जयसिंहाच्या वेधशाळांतली भिंत मात्र वेगळी आहे. जयपूर आणि उज्जैनचे दक्षिणोत्तर भित्ती यंत्र नेमके याम्योत्तर प्रतलात उभे आहे. खुंटीची सावली मध्यान्हाला भिंतीवरच्या कमानीला स्पर्श करते आणि त्या जागेवरून सूर्याची उंची वाचता येते. तास सांगणे हे त्या भिंतीचे काम नाही. जयपूरला आणि उज्जैनला खरा मध्यान्ह सरासरी १२ वाजून २७ मिनिटांनी येतो, तेव्हा भेटीची वेळ तशी ठरवा. उज्जैनची वेधशाळा ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये दुरुस्त करून घेतली.

काट्याची पारख

जुने सूर्यघड्याळ खरोखर बिघडले आहे का, हे मध्यान्हाच्या रेषेवरूनच कळते. वर काढलेल्या वेळेला सावली पाहा.

- मध्यान्ह बरोबर, पण सकाळ-संध्याकाळचे तास चुकतात: काटा बाजूला वळलेला नाही, मात्र त्याचा कल बदलला आहे, किंवा तबकडी दुसऱ्या गावाच्या अक्षांशासाठी बनवलेली आहे.
- मध्यान्हच चुकतो आणि चूक ऋतूप्रमाणे बदलते: काटा बाजूला वाकला आहे.
- सगळे तास वर्षभर सारख्याच मिनिटांनी चुकतात: बहुधा सूर्यघड्याळ ठीक आहे आणि रेखांशाची पायरी राहून गेली आहे.

काटा वाकलेला दिसला तरी हाताने सरळ करू नका. शिशाने बसवलेली जुनी सळई भिंतीतून तुकड्यासकट निघते.

भिंत आपल्या मालकीची असेल तर

परदेशात जुने घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न पडू शकतो. ब्रिटनमध्ये वास्तू संरक्षित यादीत असेल, तर भिंतीवरचे सूर्यघड्याळही तिचा भाग ठरते. ते काढणे किंवा त्याचे रूप बदलणारे काम करणे यासाठी आधी स्थानिक नियोजन कार्यालयाची लेखी संमती लागते, आणि संमतीविना केलेले काम हा गुन्हा आहे. बाहेरून, सार्वजनिक रस्त्यावरून, फोटो काढायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. भारतात केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकाची, दिल्लीच्या जंतरमंतरसारख्या, नासधूस केल्यास १९५८ च्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नाव कोरणाऱ्या सहलींनी हे वाचलेले बरे.

सर्वांत जास्त नुकसान रंगाऱ्यांकडून होते. फ्रेंच आल्प्समधल्या केरास खोऱ्यात एकोणिसाव्या शतकात जारबुला नावाच्या फिरत्या कारागिराने रंगवलेली कित्येक सूर्यघड्याळे आहेत. अशा चित्रावर फिकट रेषा दिसतात म्हणून अंदाजाने गिरवल्या की अर्धा अंश इकडे-तिकडे होतो, आणि अर्धा अंश म्हणजे दोनेक मिनिटे. तेव्हा काम सुरू होण्याआधी पुढील गोष्टी करा:

- तिरप्या उजेडात, सकाळी लवकर, रेषांचे फोटो घ्या. गिलाव्यात कोरलेल्या मूळ खुणा तेव्हाच उठून दिसतात.
- काट्याची लांबी, भिंतीशी कोन आणि मुळाची जागा मोजून लिहून ठेवा.
- निरभ्र दिवशी मध्यान्हाला सावली कुठे पडते ते पेन्सिलने चिकटपट्टीवर टिपा, भिंतीवर नव्हे. निदान दोन वेगळ्या ऋतूंत टिपा.
- रंगाऱ्याला बाराची रेषा ओळंब्याने तपासायला सांगा, जुन्या रंगाच्या काठावरून नको. पूर्वी कोणीतरी ती तिरकी केलेली असू शकते.